देवांचे खेळ आणि खेळगड्यांचा कौल



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी खेळावर बोलणार आहे. विषय हलका वाटेल, पण शेवटी तो आपल्या नेहमीच्याच प्रश्नापाशी येऊन ठेपतो, असे मला वाटते.

गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. माजिवड्याच्या नाक्याजवळ आमची एक लहानशी कचेरी आहे. तेथे दोन तरुण पगारकपातीची तक्रार घेऊन आले होते. दोघेही घरोघर सामान पोहोचविण्याचे काम करणारे. मी फोनवर होतो, म्हणून ते बाकावर बसून आपसांत बोलत होते. एक म्हणाला, "माझ्या रामाचे चार पोशाख होते. चारही पैसे मोजून घेतलेले. नव्यात एकही चालत नाही!" दुसरा म्हणाला, "पण नव्यात हालचाल किती सुरेख आहे ते बघ ना." मला प्रथम वाटले, ही कुठल्या रामलीला मंडळाची भांडणे आहेत. विचारल्यावर कळले की 'स्माइट' नावाचा एक अमेरिकन खेळ आहे, त्याचा दुसरा भाग आला आहे, आणि तो बरा की वाईट यावर देशोदेशींचे खेळणारे असेच हमरीतुमरीवर आलेले आहेत.

हा खेळ थोडक्यात असा. पाच जणांचा एक संघ, समोर पाचांचा दुसरा. प्रत्येक गडी एकेका देवतेचे रूप घेतो आणि रणांगणातून शत्रूच्या ठाण्यावर चाल करून जातो. गडी एका खोलीत असावेत असे नाही. एक ठाण्यात, दुसरा लिस्बनमध्ये असला तरी चालते. देवता ग्रीकांच्या आहेत, मिसरच्या आहेत, चीनच्या आहेत, आणि आपल्याही आहेत. राम, वामन, काली, अग्नी, गणेश, रावण, कुंभकर्ण ही सारी मंडळी या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत होती.

त्या मुलांचे बोलणे ऐकून मला माझ्या आजोळची आठवण झाली. आजोळ सावंतवाडीकडचे. तेथे माळ्यावरच्या एका लाकडी पेटीत जुन्या गंजिफा होत्या. गोल, हाताच्या तळव्यात मावणाऱ्या, लाखेने चकाकणाऱ्या. त्यांतही राम होता आणि वामनही होता. म्हणजे देवांना हाती घेऊन खेळण्याची ही कल्पना अमेरिकेत जन्मलेली नाही. ती आपल्या माजघरात कित्येक पिढ्या नांदून गेलेली आहे. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दशावतारी गंजिफा हासुद्धा एका जुन्या खेळाचा दुसरा भागच होता.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. गंजिफा मूळची इराणकडून आलेली. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफांचा जोड धाडला, कारण त्याला या खेळाची आवड होती, अशी नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या दरबारातील गंजिफांचे वर्णन अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत केले आहे. मोगली पद्धतीच्या रूढ गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि कुमाश ही त्या रंगांची नावे. ही सारी दरबाराची, खजिन्याची आणि कारखान्याची भाषा. दरबाराबाहेरच्या माणसाला तीत काय गोडी वाटावी? मग महाराष्ट्रात, ओरिसात, बंगालच्या विष्णुपुरात या खेळाला नवे रूप मिळाले. आठांच्या जागी दहा अवतार आले आणि पाने १२० झाली. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू, रामाच्या पानांवर बाण.

चित्रे बदलली, नावे बदलली, पानेही वाढली. पण खेळणाऱ्याने आयुष्यभर जे कमावले होते ते कोणी हिरावून घेतले नाही. आधी निम्म्या रंगांत दहा मोठा आणि निम्म्यांत एक्का मोठा असे. तो नियम तसाच राहिला. हुकूम नव्हता, तो आताही आला नाही. कोणती पाने पडून गेली हे ध्यानात ठेवण्याचे कसब जुन्या खेळात लागे, तेच नव्यातही लागले. जुन्या खेळात दिवसा बसले तर सुर्खवाला उतारी करी आणि रात्री सफेदवाला. एक सूर्याचा रंग, दुसरा चंद्राचा. दशावतारीत दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो सुरुवात करू लागला आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती तो. राम सूर्यवंशी आणि कृष्ण चंद्रवंशी, हे तुम्हा आम्हाला सांगावयास नको. नव्या खेळाने जुन्या गड्याला असे सन्मानाने आत घेतले.

खेळगड्यांचा कौल नेहमी प्रेमळच असतो असे मात्र समजू नका. पुढे युरोपियन पद्धतीचे ५२ छापील पत्ते आले. ते स्वस्त होते, भिजले तरी हळहळ वाटत नसे, आणि १२० पानांपेक्षा ५२ पाने ध्यानात ठेवणे सोपे. खेळणाऱ्यांनी गंजिफा पेटीत टाकली आणि ते झब्बू, मेंढीकोट, रमी खेळू लागले. कारखान्याच्या उपाहारगृहात जेवणाच्या अर्ध्या तासात मीही मेंढीकोटच खेळलो आहे. त्यासाठी मी कोणाला दोष देणार नाही. पण त्या कौलाची किंमत चितारी घराण्यांनी मोजली. चिंचोक्याची खळ लावून पाने तयार करावयाची, घोटून गुळगुळीत करावयाची, बारीक कुंचल्याने अवतार रंगवावयाचे आणि वर लाखेचा हात द्यावयाचा, हे त्यांचे काम. गिऱ्हाईक गेले आणि काम गेले. ही कला जाणणारे पुंडलिक चितारी वृद्धापकाळी जवळजवळ एकटे उरले होते. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम पुन्हा सुरू केले. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ही मोठीच कामगिरी होय. तरी मनात एक रुखरुख राहते. आज तो जोड घेणारे बहुतेक लोक तो काचेच्या कपाटात ठेवतात. कला वाचली, पण डाव मांडणारे चौघे मिळत नाहीत.

या इतिहासातून मी एक साधी गोष्ट शिकलो. खेळाला तीन बाजू असतात. करणारा, खेळणारा आणि मालक. गंजिफेच्या काळी खेळणारा हाच आपल्या जोडाचा मालक असे. चिताऱ्याने उद्या नवी तऱ्हा काढली म्हणून माझ्या आजोळच्या पेटीतला राम निकामी होत नव्हता. आज काय झाले आहे ते पाहा.

'स्माइट' २०१४ साली रीतसर प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, २०१२ मध्ये, अमेरिकेतल्या काही हिंदूंनी कालीच्या चित्रणाबद्दल आणि खेळणाऱ्याने देवीला हवे तसे चालवावे या कल्पनेबद्दल हरकत घेतली होती. कंपनीने देवता वगळण्यास नकार दिला. त्या हरकतीची मी चेष्टा करणार नाही. चित्र कसे काढावे याची मर्यादा असते, आणि ती चिताऱ्याने पाळलेली असते. पण देवाला हाती घेऊन खेळणे हेच मुळी पाप, असे म्हणावयाचे तर दशावतारी गंजिफेचाही निकाल लावावा लागेल.

पहिल्या भागात पुढे देवतांची संख्या सव्वाशेच्या वर गेली. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने दुसऱ्या भागाची घोषणा केली, त्याच वर्षी मे महिन्यात मोजक्या लोकांना तो चाचणीसाठी दिला, आणि १४ जानेवारी २०२५ ला सर्वांना खुला केला. तेव्हा त्यात पहिल्या भागातल्या देवतांपैकी सुमारे तिसरा हिस्साच आलेला होता. आणि घोषणेबरोबरच एक बातमी आली होती. खेळ नव्या यंत्रणेवर नव्याने बांधल्यामुळे जुन्या भागात पैसे देऊन घेतलेले पोशाख नव्या भागात येणार नाहीत. त्यांच्या बदल्यात जुन्या खर्चाच्या हिशेबाने काही नाणी मिळतील, आणि नवी खरेदी करताना तिच्या निम्म्यापर्यंतची किंमत त्या नाण्यांत चुकविता येईल.

यावर खेळणाऱ्यांची जी मते झाली, ती त्या दोन मुलांनी मला तासभर समजावून सांगितली. एक पक्ष म्हणतो, खेळ देखणा झाला आणि मोकळा झाला. पूर्वी अमुक देवतेने अमुकच शस्त्रे घ्यावीत असे बंधन होते, ते सैल झाले, डोके चालवावयास अधिक वाव मिळाला. दुसरा म्हणतो, घर बांधून होण्याआधीच आम्हाला राहावयास बोलावले. आमच्या आवडत्या देवता नाहीत आणि आमचे विकत घेतलेले सामान दाराबाहेर राहिले. तिसरा म्हणतो, दुसरा भाग काढावयाचाच कशाला, पहिल्याचीच डागडुजी करावयाची होती. तिन्ही मतांत तथ्य आहे. जुन्या यंत्रणेवर रचलेला पोशाख नव्या यंत्रणेवर आपोआप चढत नाही, हे कारागिरीचे सत्य आहे. पण त्या अडचणीचा भार कोणी सोसावा, हा कारागिरीचा प्रश्न नाही. तो व्यवहाराचा आणि न्यायाचा प्रश्न आहे.

हे वाक्य मी पूर्वी ऐकलेले आहे. मी ऐन तरुणपणी ज्या कारखान्यात होतो, तेथे नवी यंत्रे आली आणि नवी शेड उभी राहिली. व्यवस्थापनाने सांगितले, जुने काम या यंत्रांवर चालत नाही, तेव्हा नव्या शेडमध्ये सर्वांची नेमणूक नव्याने होईल आणि नोकरीची वर्षे पहिल्यापासून मोजली जातील. वीस वीस वर्षे लेथवर उभे राहिलेले लोक एका रात्रीत नवशिके ठरले. आम्ही फाटकावर बसलो. अखेर तडजोड झाली. निम्मी वर्षे पगारश्रेणीत धरली गेली. निम्मी! त्या मुलाने मला नाण्यांचा हिशेब सांगितला तेव्हा हा शब्द माझ्या कानाला ओळखीचा वाटला.

कोणी म्हणेल, कामगाराची भाकरी आणि पोराच्या खेळातला पोशाख यांची तुलना कशी करता? तुलना मी करीत नाही, दोहोंचे वजन सारखे नाही. पण तो पोशाख त्या मुलाने पावसात भिजत, जिने चढून मिळविलेल्या पैशांतून घेतलेला आहे. आणि आपण विकत घेतले असे ज्याला वाटते, त्याने खरोखर काही विकत घेतले आहे काय, हा प्रश्न आता पोरांचा राहिलेला नाही. आपली पुस्तके, गाणी, छायाचित्रे सारीच त्या वाटेने निघाली आहेत. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की, असा माल विकताना गिऱ्हाइकाला मालकी नव्हे तर केवळ वापराचा परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगावे. युरोपात खेळणाऱ्यांनी, विकलेले खेळ कंपनीने मनास येईल तेव्हा बंद पाडू नयेत म्हणून २०२४ साली चळवळ उभारली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. मते मांडण्यावर न थांबता मागणी मांडावयाची, ही चाल मला आवडली.

आता तिसऱ्या बाजूकडे, म्हणजे आजच्या चिताऱ्याकडे या. 'स्माइट'चा दुसरा भाग सर्वांना खुला होऊन जेमतेम महिना झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने बऱ्याच कामगारांना घरी पाठविले. ज्यांनी देवतांचे मुकुट रंगविले, ज्यांनी त्यांची हालचाल बसविली, त्यांच्यापैकी किती जणांना गड्यांच्या शिव्याही खाव्या लागल्या असतील! खेळणारा रागावतो तो मालकावर, पण त्याच्या समोर सापडतो कारागीर. आमच्याकडे बस उशिरा आली की प्रवासी कंडक्टरवर ओरडतात, तसेच हे आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत व्हिडिओगेम बनविणाऱ्यांनी 'युनायटेड व्हिडिओगेम वर्कर्स' ही आपली संघटना जाहीर केली. खेळणारे आणि करणारे एकमेकांशी बोलू लागतील, तर दोघांचीही पत वाढेल असे मला वाटते. चिताऱ्याचे आणि गंजिफा खेळणाऱ्याचे बोलणे तुटले, तेव्हा एकाचे काम गेले आणि दुसऱ्याचा खेळ गेला, हे आपण पाहिलेच.

तरुण मुले खेळाबद्दल तावातावाने बोलतात तेव्हा आपण वडीलधारी माणसे त्यांना उडवून लावतो. मीही प्रथम तेच करणार होतो. पण त्या दोघांच्या बोलण्यात मला जुन्या फाटक-सभेची भाषा ऐकू आली. आमचे कसब धरा, आमचे देणे धरा, आणि बदल करण्यापूर्वी आम्हाला विचारा, अशी ती भाषा होती. मी त्याला शेवटी विचारले, "एवढी तक्रार आहे, तर नवा भाग खेळतोस कशाला?" तो म्हणाला, "काका, खेळ चांगला आहे. वागणूक चांगली नाही."

त्यांच्या पगारकपातीच्या अर्जावर त्याच दिवशी सह्या झाल्या. जाताना मी त्यांना आजोळची पेटी दाखविली. अंधार पडला होता, म्हणून कृष्णाचा राजा ज्याच्या हाती आला त्याने उतारी केली. तिघांचा डाव होता आणि मी हरलो. पुढच्या रविवारी ते दोघे आणखी एका मित्राला घेऊन आले.