दुकानातील बुद्ध



देवळातल्या देवाविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. दुकानातल्या देवाकडे मात्र फारसे कोणी वळून पाहत नाही. विक्रीला मांडलेली मूर्ती दिसली की आपण म्हणतो, धर्माचा बाजार झाला! हा निकाल कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आज आपण कल्पनेने व्हिएतनाममधील एका दुकानात जाऊ.

हनोईच्या जुन्या पेठेत एकेका मालाची एकेक आळी होती, जशी आपल्याकडे तांबट आळी किंवा कासार आळी. तेथील कितीतरी रस्त्यांच्या नावांचा आरंभ 'हांग' या शब्दाने होतो आणि त्याचा अर्थच मुळी 'माल'. त्यांपैकी हांग क्वात ही पंख्यांची आळी. पंख्यांचा व्यापार मागे पडला, नाव राहिले, आणि आज तेथे देव्हाऱ्याचे सामान विकले जाते. आत शिरताच तांबड्या रोगणाची आणि सोनेरी वर्खाची झळाळी डोळ्यांत भरते. मधोमध ध्यानस्थ अमिताभ. शेजारी हाती अमृतकलश घेतलेली क्वान आम. पलीकडे सुटलेल्या पोटाचा, खदखदून हसणारा मैत्रेय. खालच्या फळीवर उदबत्तीची पात्रे, चिनी मातीच्या फुलदाण्या, आणि कासवाच्या पाठीवर उभ्या असलेल्या सारसांची जोडी.

ही मंडळी येथे आली कशी? क्वान आम म्हणजे मूळचा अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या आणि कान्हेरीच्या लेण्यांत हाच बोधिसत्त्व आग, चोर, हत्ती आणि बुडते जहाज यांपासून भक्तांना तारताना कोरलेला आहे. तेथे तो पुरुषरूपात आहे. चीनमध्ये हळूहळू त्याची करुणामयी माता झाली, आणि त्या रूपात ती व्हिएतनामी घरांत नांदू लागली. परंतु बुडत्या जहाजाची आठवण पुसली गेली नाही. समुद्रावर जाणारा कोळी आजही तिलाच हाक मारतो. हसरा मैत्रेय तर दहाव्या शतकातील एका चिनी भटक्या भिक्षूच्या रूपात आला आहे.

आता या मार्गावरून कोण चालले ते पाहा. तिसऱ्या शतकात कांग सेंगहुई नावाचा एक विद्वान भिक्षू होऊन गेला. त्याचे पूर्वज समरकंदकडच्या सोग्द प्रदेशातले. कित्येक पिढ्या ते भारतात राहिले. पुढे त्याचा बाप व्यापारासाठी आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये, तेव्हाच्या ज्याओ ची प्रांतात, जाऊन स्थायिक झाला. तेथेच हा मुलगा भिक्षू झाला, इसवी सन 247 मध्ये दक्षिण चीनच्या वू राज्याच्या राजधानीत पोचला आणि 280 मध्ये वारला. व्यापाऱ्याच्या घरातून धर्मोपदेशक निघाला! तात्पर्य, व्हिएतनाममध्ये बौद्ध धर्म जे मार्ग चालून आला त्यांत मालाच्या गोण्यांचा मार्ग होताच. दुकान हे देवळाचे अधःपतन नव्हे; काही अंशी ते देवळाचे माहेर आहे.

मूर्ती घडते कशी, हेही पाहण्याजोगे आहे. हनोईच्या पश्चिमेस सोन दोंग नावाचे गाव बुद्धमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांचे आवडते लाकूड कोणते? आपल्या कोकणच्या ओळखीचे, फणसाचे! ते मऊ असते, सहसा तडकत नाही. कोरून झाल्यावर एका झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाचे थरावर थर चढतात. प्रत्येक थर वाळवून घासावा लागतो आणि शेवटी सोन्याचा वर्ख लागतो. हा वर्ख ठोकणाऱ्यांचे गावही वेगळे, किएउ की. एका मूर्तीमागे अशी गावेच्या गावे उभी असतात.

तरीही प्रश्न उरतोच. हा देव की माल? याचे उत्तर त्याच दुकानात मिळते. अशा दुकानांत, विशेषतः दक्षिण व्हिएतनाममध्ये, दाराशी जमिनीवर एक छोटा देव्हारा असतो. त्यात भूमिदेव आणि धनदेव बसलेले असतात. पुढे फळे, पाणी, जळती उदबत्ती. फळीवरच्या सर्व मूर्तींना किंमत आहे, या दोघांना नाही. कारण मूर्तीचे 'डोळे उघडण्याचा' विधी झाल्यावाचून ती पूज्य होत नाही. आपल्याकडे पेणच्या कारखान्यातील गणपती प्राणप्रतिष्ठेपूर्वी पूजेचा नसतो, तसेच हे. म्हणून फळीवरची मूर्ती विकण्यात अवमान नाही.

परंतु याच न्यायाने दुसरा निकालही निघतो, आणि तो कठोर आहे. जिच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसे वाकली, ती जुनी मूर्ती एखाद्या पॅगोडातून चोरीस जाऊन दुकानाच्या फळीवर आली, तर ती माल नव्हे. तो एका गावाचा ठेवा आहे. मध्य व्हिएतनाममध्ये चंपाचा राजा दुसरा इंद्रवर्मा याने 875 साली दोंग दुओंग येथे लक्ष्मीन्द्र-लोकेश्वराचा मोठा विहार स्थापिला. तेथून 1911 साली ब्राँझची एक सुंदर उभी बुद्धमूर्ती हाती आली. 2012 साली तिला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. ती संग्रहालयात होती म्हणून वाचली. तो विहार मात्र विसाव्या शतकातील युद्धांत उद्ध्वस्त झाला. आज त्याच्या दरवाजाचा मोडका भाग तेवढा उभा आहे, तोही टेकू देऊन. ज्या देशाने एवढे गमावले, त्याच्या उरलेल्या मूर्तींवर शौकिनाच्या दिवाणखान्याचा हक्क कसा असेल? प्राचीन राष्ट्रीय वस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेण्यास तेथील कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे.

म्हणून दुकानातल्या बुद्धासमोर उभे राहिल्यावर किंमत विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हिला घडवणारे हात कोणाचे? आणि हिच्यापुढे आधी कोणी हात जोडले होते काय? पहिल्याचे उत्तर मिळाले तर मूर्ती अवश्य घ्यावी. एका कारागिराची चूल पेटती राहील. दुसऱ्याचे उत्तर 'होय' असेल, तर मात्र आपणही हात जोडावेत आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडावे.