एकेक स्वर वाहताना

३० मे १९८१. व्हिएन्नातल्या सभागृहात तुम्ही बसला आहात. गिडॉन क्रेमर व्हायोलिन घेऊन उभा आहे, ऑस्ट्रियन नभोवाणीच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रासमोर कंडक्टर लाइफ सेगरस्टाम. ‘ऑफर्टोरियम’ हा व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्टो आजवर कुणीच मैफलीत ऐकलेला नाही. तो रचणाऱ्या सोव्हिएत संगीतकार सोफिया गुबैदुलिनानेही नाही. ती मॉस्कोत आहे.

पहिलीच धून बाखची. खरं तर राजाची: १७४७ मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या फ्रेडरिकने ती बाखला दिली आणि बाखने तिच्यावर ‘म्युझिकल ऑफरिंग’ रचून राजालाच अर्पण केलं. इथे मात्र ती अनेक वाद्यांत वाटली गेली आहे. एका वाद्याने स्वर सोडला की पुढचा दुसरं उचलतं. संगीतकार वेबर्नची ही रीत, याच शहरातली. धून शेवटाशी येते, तुमचा कान शेवटच्या स्वरासाठी पुढे सरसावतो आणि तो स्वर येतच नाही. त्या मोकळ्या जागेत व्हायोलिन शिरतं, दोन लगतच्या स्वरांवर थरथरत.

आता नीट ऐका. धून पुन्हा येते, पण पुढचा एक आणि मागचा एक स्वर गळालेला. पुढच्या खेपेला आणखी दोन. रागाची बढत ऐकत वाढलेल्या तुमच्या कानांना हे उलटं वाटेल, कारण इथे सगळी वाट घटत जाण्याची आहे. व्हायोलिन कधी विनवतं, कधी ओरबाडल्यासारखं किंचाळतं, ऑर्केस्ट्रा अंगावर कोसळतो, आणि त्या गदारोळात राजाची धून झिजत झिजत एका स्वरावर येते. शेवटी तोही जातो. ख्रिस्ती प्रार्थनासभेतल्या अर्पणाचं नाव या रचनेला आहे, आणि इथे धून स्वतःलाच वाहते.

हे लिहिलं जात होतं तेव्हा गुबैदुलिना स्वतःच्या देशात नकोशी झाली होती. १९७९ मध्ये सोव्हिएत संगीतकार संघाचा प्रमुख ख्रेन्निकॉव्ह याने सात संगीतकारांवर जाहीर ठपका ठेवला. त्यांत ती एक. क्रेमरने कॉन्चेर्टो मागितला होता तो मॉस्कोच्या टॅक्सीत, सहज बोलताना. ते सहज बोलणं तिने किती गंभीरपणे घेतलं, ते आता तुमच्यासमोर आहे. तिची स्वरलिपी गुपचूप पश्चिमेत पोहोचवावी लागली.

शेवटच्या भागात व्हायोलिन स्तोत्रासारखं लांब, अखंड गाऊ लागतं. खाली पियानो आणि हार्प. गळालेले स्वर मधूनच दोन्ही बाजूंनी परत येऊ लागतात, आणि धून पूर्ण होते ती उलटी: शेवट आधी, आरंभ शेवटी. ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, आणि मला हेच या रचनेतलं सर्वांत खरं वाटतं.

टाळ्या सुरू होतात. गुबैदुलिना १९८६ पर्यंत ही रचना दोनदा सुधारेल आणि क्रेमर ती देशोदेशी वाजवत राहील.