थ्रेड : सिंधुदुर्गाचा तट आणि कडा नसलेला तुकडा

१/ मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. पायाचे दगड शिशाच्या रसात बसवले, असे सांगतात. वरच्या नागमोडी तटाची लांबी सुमारे ३ किलोमीटर. साडेतीनशे पावसाळे दर्या या तटावर आदळतो आहे. त्याचे बळ गणिताने कसे काढावे?

२/ दगड आणि चुना यांचे गुणधर्म भिन्न, पण भार पेलतात ते एकत्र. म्हणजे तट हा संमिश्र पदार्थच. त्यातील प्रत्येक दगड नि प्रत्येक सांधा संगणकात उतरवणे अशक्यप्राय; म्हणून एक प्रातिनिधिक तुकडा घेतात. अडचण येते ती त्याच्या कडांशी. त्या मोकळ्या सोडल्या तर तुकडा खऱ्यापेक्षा लवचीक ठरतो, जखडल्या तर अवाजवी ताठ.

३/ यावरचा उपाय स्फटिकशास्त्रातून आला. १९१२ साली माक्स बॉर्न आणि थिओडोर फॉन कार्मान यांनी अणूंची कंपने मोजताना स्फटिकाला कडाच नाही असे मानले. साडीच्या काठावर एक नक्षी संपते तिथेच पुढची तशीच सुरू होते, तसे. समोरासमोरच्या कडा सारख्याच वाकतात. फरक उरतो तो केवळ एकूण ताणाचा. हीच ‘आवर्ती सीमा-अट’.

४/ या गृहीतकावर सर्वांत तिखट हल्ला भारतातून झाला. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीच १९३५ मध्ये बॉर्न यांना बंगळूरला बोलावले होते. पुढे १९४० च्या दशकात त्यांनीच हे गृहीतक नाकारले. १९४४ मध्ये वाल्टर लेडरमान यांनी सिद्ध केले की स्फटिक पुरेसा मोठा असल्यास कडांचा प्रभाव नगण्य ठरतो. रामन यांना ते पटले नाही. (गणित बॉर्न यांच्या बाजूने होते, हे मान्य करावे लागते.)

५/ ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये रूढ केले. १९९५ मध्ये आर्मेल आंत्वान यांनी विटांची भिंत आवर्ती संमिश्र मानून तिचे गुणधर्म काढले, आणि भिंतीची मर्यादित जाडीही हिशेबात धरली.

६/ सिंधुदुर्गाच्या बाबतीत हा जाडीचा मुद्दाच कळीचा. विटा एकसारख्या असतात, तटाचे दगड नव्हेत. त्यामुळे तुकडा बराच मोठा घ्यावा लागेल. लांबीच्या दिशेने पुनरावृत्ती मानता येईल, जाडीच्या दिशेने नाही. तिथे पुढचा दगड नसून अरबी समुद्र आहे आणि सांध्यांतला चुना प्रथम धुपतो तो त्याच अंगाने.