मंकी पॅचिंग : चालत्या प्रोग्रॅममधील फेरबदल

प्रोग्रॅम सुरू असतानाच त्यातील मूळ मेथड बाजूला सारून तिच्या जागी नवी मेथड बसवण्याच्या पद्धतीला संगणकक्षेत्रात ‘मंकी पॅचिंग’ म्हणतात. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये क्लास हा ऑब्जेक्ट घडवण्याचा साचा, तर मेथड म्हणजे त्या ऑब्जेक्टला नेमून दिलेले काम. सर्वसाधारण पद्धतीत उपक्लास तयार करून त्यात मेथड नव्याने लिहिली जाते. मूळ क्लास अबाधित राहतो. रुबी, पायथॉन यांसारख्या भाषांत मात्र मूळ क्लासच बदलता येतो आणि त्यापासून आधीच तयार झालेले ऑब्जेक्टही नव्या मेथडनुसार वागू लागतात.

या पद्धतीचे फायदे उघड आहेत. इतरांनी लिहिलेल्या लायब्ररीतील दोष सुधारित आवृत्तीची वाट न पाहता दूर करता येतो. चाचणी घेताना पैसे वळते करणाऱ्या खऱ्या मेथडऐवजी लुटुपुटीची मेथड बसवता येते. पायथॉनमध्ये 2012 पासून अशी सोय भाषेसोबतच मिळते.

धोका असा, की एका ठिकाणी केलेला बदल संपूर्ण प्रोग्रॅमला लागू होतो. जावास्क्रिप्टला याचा अनुभव 2018 मध्ये आला. एकात एक गुंफलेल्या याद्या सपाट करणारी ‘फ्लॅटन’ ही मेथड भाषेतच समाविष्ट करण्याचे ठरत होते. मात्र ‘मूटूल्स’ या जुन्या लायब्ररीने याच नावाची मेथड मूळ ‘ॲरे’ला पूर्वीच जोडली होती. भाषेतील अंगभूत मेथडी यादी काढताना दिसत नाहीत. मूटूल्सने अंगभूत ‘फ्लॅटन’वर आपली मेथड बसवली, तरी हा अदृश्यपणा कायम राहिला. परिणामी, ॲरेच्या मेथडींची यादी काढून त्या पानावरील घटकांना देताना लायब्ररीकडून नेमकी ‘फ्लॅटन’ वगळली जाऊ लागली. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत एक संकेतस्थळ बिघडल्याचे आढळले. अखेर भाषेचे प्रमाणीकरण करणाऱ्या ‘टीसी 39’ समितीने माघार घेतली आणि 2019 च्या प्रमाण आवृत्तीत ही मेथड ‘फ्लॅट’ या नावाने दाखल झाली. एका लायब्ररीच्या सोयीपुढे अशा प्रकारे भाषेलाच नाव बदलावे लागले.

रुबीने 2013 मध्ये ‘रिफाइनमेंट्स’ ही सुविधा आणून बदलाचा प्रभाव ठरावीक फाइल वा मॉड्यूलपुरता मर्यादित ठेवण्याचा मार्ग दिला. जेथे अशी सोय नाही, तेथे बदलाची स्पष्ट नोंद ठेवणे आणि मूळ दोष दूर होताच तो काढून टाकणे, हाच सुरक्षित उपाय ठरतो.