जुना बोलपट व नवी प्रस्तावना

‘गॉन विथ द विंड’ हा १९३९ सालचा अमेरिकन बोलपट गुलामगिरीला मायेचा मुलामा देतो; त्यांतील गुलाम धन्याच्या घरीं सुखानें नांदतात. म्हणून तो आज दाखवूंच नये काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांतील दासीच्या भूमिकेबद्दल हॅटी मॅकडॅनियल हिला १९४० सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय. तरीहि त्या समारंभांत तिला सहकलावंतांपासून दूर, वेगळ्या मेजावर बसविण्यांत आलें. बोलपट दडविला तर तिचें कर्तृत्व आणि तो अन्याय, दोन्ही विस्मृतींत जातील. २०२० सालीं एचबीओ मॅक्सनें तो कांहीं दिवस मागें घेऊन, इतिहास सांगणारी प्रस्तावना जोडून पुनः दाखविला, हें उचितच झालें. असत्याचें खंडन करावयाचें तर तें समोर असावें लागतें. मात्र खंडनावांचून तें समोर ठेवूं नये.