जखमेतली लस, सुईतली लस

धारूरच्या डोंगरात सीताफळीला तोटा नाही. बैलाच्या जखमेत किडे पडले की आमची आज्जी सीताफळीचा पाला ठेचून त्यात भरायची. दोन दिवसांनी जखम उघडून बघायची आणि सांगायची, "आजून लस येतीय, पाला बांधा." तिच्या स्वतःच्या दंडावर दोन वाटोळे व्रण होते. लहानपणी 'देवी काढल्या' होत्या, त्यांचे.

जखमेतून झिरपणारी लस आणि सुईतून टोचायची लस हा एकच शब्द आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. तेव्हापासून तो माझी पाठ सोडत नाही. इंग्रजीतल्या 'व्हॅक्सिन'मध्ये लॅटिन गाय आहे, हिंदीच्या 'टीका'मध्ये कातडीवरची खूण. मराठीने मात्र नाव दिलं ते खुद्द पाझराला.

आणि औषध खरोखर तेच होतं. जेन्नरने १७९६ साली गोस्तन देवीच्या फोडातलं पाणी एका मुलाला टोचलं, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण ते पाणी हिंदुस्थानात यायचं कसं? दोऱ्यावर वाळवून पाठवलं तर वाटेतच निकामी होई. अखेर व्हिएन्नाहून बगदाद, तिथून बसरा आणि पुढे जहाजाने मुंबई, असं ते टप्प्याटप्प्याने आलं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ते टोचलं आणि धरलं. तिच्या फोडातली लस काढून पाच मुलांना दिली, त्यांच्याकडून आणखी मुलांना. अशी दंडादंडातून ती पुणे, सुरत, हैदराबादपर्यंत पोचली. बाटली नाही, बर्फ नाही. मूल हेच भांडं. आठव्या दिवसाच्या सुमारास फोड भरला की दुसरा दंड तयार हवा, नाहीतर साखळी तुटली. हे डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाने त्या द्रवाला लस नाही तर काय म्हणावं?

पंडितांचं म्हणणं वेगळं आहे. चरकसंहितेत 'लसीका' आहे: कातडीखालचं, व्रणातून दिसणारं पाणी. त्यावरून पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी 'लस' घडवली, असं ते मानतात. मूळ लसीकेत आहे, हे मलाही मान्य. पण घडवलेला शब्द इतका आखूड नसतो. पंडिताने 'लसीका'च ठेवली असती. कन्नडने तसंच केलं, तिथे लसीला 'लसिके' म्हणतात. मराठीत शेवटची अक्षरं झिजून गेली आहेत, आणि शब्द झिजतो तो तोंडात, कागदावर नव्हे. इसबातून 'लस वाहते' म्हणणाऱ्या बायकांनी चरक वाचला नव्हता.

माझा दुसरा साक्षीदार गुजराती. तिथे 'रसी' म्हणजे पू, आणि 'रसी' म्हणजेच लससुद्धा! मुंबई इलाख्यातल्या दोन शेजारणींनी औषधाचं नाव जखमेतून उचललं, हा मला योगायोग वाटत नाही. टोचणारे तेच, दंडादंडातून नेण्याची रीत तीच, आणि फोडाकडे बघणाऱ्या आयाही तशाच. रस आणि लस ही एकाच घरची भावंडं, असंही कुणी सुचवतं. र चा ल करण्याची खोड मागधीची, आपल्याकडची नव्हे. म्हणून त्या वाटेला मी जात नाही.

तिसरी साक्षीदार आज्जीच. धारूर तेव्हा निजामाच्या राज्यात. सरकारदरबारी उर्दू, म्हणजे 'टीका'. आज्जीच्या तोंडी मात्र तो शब्द मी कधी ऐकला नाही. टोचणं म्हणजे 'देवी काढणं', टोचणारा 'देवीडॉक्टर', आणि लस फक्त जखमेची.

पुढे मुलांची जागा वासरांनी घेतली. वासराच्या पोटावरचे केस भादरून तिथे देवी उठवायच्या, खरवडून घ्यायच्या, ग्लिसरिनमध्ये कालवायच्या. मुंबई इलाख्यासाठी हे काम बेळगावात चाले. टिळकवाडीतल्या त्या जागेला अजून 'व्हॅक्सिन डेपो' म्हणतात. त्या गावात एका मराठी घरी लस, शेजारच्या कानडी घरी लसिके. यातली थोरली कोण, असं विचाराल तर मी लसच म्हणेन.