सामायिक फोल्डरला कुलूप लागायला चाळीस वर्षे का लागली?

थ्रेड : एका घरातले दोन संगणक, त्यांच्यामधली एक तार आणि त्या तारेवर ठेवलेला विश्वास.

१९९३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा शहरात अँड्र्यू ट्रिजेल या पीएचडीच्या विद्यार्थ्यापुढे एक साधी घरगुती अडचण होती. स्वतःच्या संगणकावर लिनक्स, पत्नीच्या संगणकावर विंडोज. दोन्ही यंत्रे एकाच घरात होती, पण एकाची फाईल दुसऱ्याला उघडता येत नव्हती.

ट्रिजेल यांना तेव्हा आपलेच एक जुने काम आठवले. सुमारे दोन वर्षांपूर्वी, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत असताना, डॉसवरील संगणकाला युनिक्स यंत्रावरच्या फायली दिसाव्यात म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्या संभाषणाचे नियम त्यांना कोणी सांगितले नव्हते. तारेवरून जाणारे संदेश टिपायचे, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते ते पाहायचे आणि तसेच उत्तर आपणही देऊन पाहायचे, अशी त्यांची रीत. पुढे त्यांनी ती एका उपमेने समजावली : फ्रेंच येत नसलेल्या माणसाने फ्रेंच उपाहारगृहात बसून गिऱ्हाइकांचे बोलणे ऐकत भाषा शिकावी, तसे हे काम. तो प्रोग्रॅम घरी चालवून पाहिला आणि पत्नीचा संगणक त्याच्याशी बोलू लागला.

आपण जी भाषा ऐकून शिकलो तिचे नाव एसएमबी, हे ट्रिजेल यांना आरंभी ठाऊकही नव्हते. तिचा जन्म १९८० च्या दशकारंभी आयबीएममध्ये झाला. बॅरी फायगेनबॉम या अभियंत्याने ती आखली. पहिल्यांदा तिला त्याने स्वतःची आद्याक्षरे दिली होती, मग ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’ हे नीरस नाव आले. हेतू एवढाच, की डॉसला आपल्या डिस्कवरची फाईल जशी उघडता येते तशीच शेजारच्या यंत्रावरचीही उघडता यावी.

येथे त्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे आणणे अवश्य आहे. नेटवर्क म्हणजे एका कचेरीतली दहा-वीस टेबले. तारेच्या टोकाला कोण बसले आहे ते मान वळवली की दिसे. अशा खोलीत परवलीचा शब्द उघड अक्षरांत तारेवरून गेला तरी कोणाला वावगे वाटले नाही. दार होते, कडी होती, पण ती आपल्याच माणसांसाठी. हा निष्काळजीपणा नव्हता, ते त्या खोलीचे वास्तव होते. चूक पुढे झाली. खोलीच्या भिंती पडल्या आणि कडी तीच राहिली.

मायक्रोसॉफ्टने ही भाषा उचलली आणि विंडोजबरोबर ती घरोघरी गेली. परवलीचा शब्द आता जसाच्या तसा न पाठवता त्याचे गणिती रूप वापरले जाऊ लागले, पण ते रूपही कच्चे होते. लॅन मॅनेजरच्या पद्धतीत अक्षरे आधी मोठ्या लिपीत बदलली जात, कमाल लांबी १४, आणि त्याचेही सात-सातचे दोन स्वतंत्र तुकडे. चौदा अक्षरांचे कोडे सोडवणे कठीण. सात अक्षरांची दोन कोडी सोडवणे त्या मानाने फारच सोपे.

याहून विलक्षण दोष विंडोज ९५ आणि ९८ मध्ये निघाला. शेअर केलेल्या फोल्डरला परवलीचा शब्द लावता येई. मात्र तो तपासताना किती अक्षरे जुळवायची, हे समोरचा संगणकच सांगत असे. पाहुणा म्हणाला, ‘एकच अक्षर बघा’, तर यजमान एकच अक्षर बघे! पहिले अक्षर ओळखणाऱ्याला दार उघडे. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने यावर दुरुस्ती काढली. तोवर इंटरनेटला जोडलेल्या कितीतरी घरांतल्या संगणकांना हेच कुलूप होते.

पुढच्याच वर्षी अटलांटातील एका संमेलनात एका हॅकरने आणखी एक युक्ती दाखवली. एखाद्या संगणकाला आपल्याकडे यायला लावायचे, तो ओळख पटवण्यासाठी जो पुरावा देईल तोच उलट त्याच्याच दारात नेऊन दाखवायचा. ही फट बुजली नोव्हेंबर २००८ मध्ये. आधी बुजवली असती तर नेटवर्कवर चालणारे अनेक प्रोग्रॅम बंद पडले असते, असा कंपनीचा खुलासा होता. ‘जुने चालू राहिले पाहिजे’ हे कारण या इतिहासात वारंवार भेटते, आणि ते खोटेही नव्हते.

इकडे ट्रिजेल यांचा प्रोग्रॅम जगभर पसरला होता. त्याच्या पहिल्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला, तेव्हा त्यांनी संगणकातील शब्दसूचीत एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द शोधले. ‘सामनबेरी’ हे एका बोराचे नावही यादीत होते. निवड ‘सांबा’ची झाली. मूळ भाषेचे अधिकृत दस्तऐवज मात्र सांबाच्या लेखकांना डिसेंबर २००७ मध्ये मिळाले, तेही युरोपीय आयोगाच्या दीर्घ खटल्यानंतर आणि १० हजार युरो मोजून.

आता २०१७. मार्च १४ रोजी मायक्रोसॉफ्टने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील गंभीर दोषावर दुरुस्ती दिली. एप्रिल १४ रोजी त्याच दोषाचा फायदा घेणारे ‘इटर्नलब्लू’ हे अमेरिकेच्या एनएसएचे मानले जाणारे हत्यार चव्हाट्यावर आले. मे १२ रोजी ‘वॉनाक्राय’ सुटला. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांहून अधिक संगणक. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत अंदाजे १९ हजारांहून अधिक अपॉइंटमेंट रद्द झाल्या.

जूनच्या २७ तारखेला ‘नॉटपेट्या’ आला. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला, म्हणजे भिंत फोडून नव्हे, पुढच्या दारातून. आत आल्यावर इटर्नलब्लू आणि चोरलेले परवलीचे शब्द वापरून तो यंत्रामागून यंत्र घेत गेला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्या समूहाकडे असलेले न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलही ठप्प झाले. १९८० च्या दशकातील खोलीचा विश्वास असा उरणपर्यंत पोहोचला.

घरे त्या मानाने का वाचली? बऱ्याच अंशी योगायोगाने. घरातला राउटर बाहेरून आलेली अनोळखी जोडणी आत घेत नाही. पण पत्ते बदलण्याची ही सोय १९९४ च्या सुमारास इंटरनेटवरील पत्ते अपुरे पडतील या चिंतेतून मांडली गेली. संरक्षण हा तिचा उपलाभ. आणि आज त्या भिंतीच्या आत टीव्ही आहे, कॅमेरा आहे, पाहुण्याचा मोबाईल आहे.

खरी कुलपे उशिराच आली. २०१२ मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर फायलींचा प्रवास कूटबद्ध करण्याची सोय मिळाली. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या विंडोज १० मध्ये पहिली आवृत्ती आपोआप बसवणे थांबू लागले. सांबाने २०१९ मध्ये ती मूळ मांडणीतून वगळली. घरासाठी २००९ मध्ये आणलेले ‘होमग्रुप’ २०१८ मध्ये मोडीत निघाले.

ऑक्टोबर २०२४ च्या विंडोज ११ ने प्रत्येक संदेशावर स्वाक्षरी अनिवार्य केली. स्वाक्षरीची किल्ली परवलीच्या शब्दातून घडते. नाव न सांगता येणाऱ्या ‘गेस्ट’कडे ती असणारच नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे बिनबोभाट उघडणाऱ्या घरगुती साठवण-पेट्या अनेकांकडे एकाएकी उघडेनाशा झाल्या. अशा पेटीवर खाते तयार करून परवलीचा शब्द ठेवणे, हे पाच मिनिटांचे काम. दुसरा मार्ग विंडोजमधील स्वाक्षरीची अटच काढून टाकण्याचा. कंपनीने दोन्ही मार्ग लिहून दिले, आणि दुसरा वापरू नका असेही तेथेच बजावले.